एकादशीचा बटाटा आणि बाटवणारा पाव

गेल्या रविवारी आम्ही सात पेन्शनर सकाळी सहाला दिवाळे गावच्या जेट्टीवर जमलो. निमित्त माझ्या भाच्याचं. तो इंग्लंडात असतो. तिकडे लोक घोळक्याने रानवाटा तुडवतात, वाटेत डुकराच्या मांसाचे 'पाय' खातात (आपले पाये नव्हेत, पिठाच्या जाड कवचात मांस भरून भाजलेला पदार्थ) आणि प्रत्येकाला मार्क देतात, असं त्याने फोनवर सांगितलं. मेल्टन मोब्रे गावचा पाय त्यात नावाजलेला. कोल्ह्याच्या शिकारीला जाणारे नोकर तो खिशात टाकून नेत म्हणे.

मार्क म्हटल्यावर माझ्यातला मास्तर जागा झाला. आपला खिशातला पाय म्हणजे वडापाव! किल्ले गावठाण, मग पारसिकची टेकडी, वाटेत तीन गाड्या असा बेत ठरला. वडा, पाव, चटणी, मिरची, प्रत्येकी पाच मार्क.

पहिली गाडी चटणीत नापास. दुसरीचा वडा गरम, पण पाव कालचा. तिसरीला वीसपैकी अठरा. तिथे मात्र सगळे गप्प बसून खात होते, हाच खरा निकाल.

बेलापूर किल्ल्याच्या पडक्या बुरुजापाशी बसलो. सिद्दी, पोर्तुगीज, मराठे आणि १८१७ पासून इंग्रज, सगळ्यांनी ही खाडी राखली. हातात उरलेला वडापाव होता. मी म्हटलं, "यातलं बरंचसं फिरंग्यांच्या गलबतातूनच उतरलं आहे." बटाटा आणि मिरची दोन्ही मूळची अमेरिकेतली. पोर्तुगीजांनी ती आपल्या किनाऱ्यावर आणली. बटाटा हा शब्दही त्यांचाच आणि पाव हाही. गोव्यात तो माडाच्या सुरीने फुगवत. त्याआधी आपला तिखटपणा मिऱ्यांवर चालत असे. वडा आणि पाव यांचं लग्न मात्र अगदी अलीकडचं. साधारण १९६६ मध्ये दादर स्टेशनबाहेर अशोक वैद्य यांच्या गाडीवर ते लागलं, असं मानतात. एका हातात मावणारं आणि स्वस्त, म्हणून गिरणी कामगारांनी ते उचलून धरलं.

बोलता बोलता आजी आठवली. ती वसईकडची. फिरंग्यांनी विहिरीत पाव टाकला, ते पाणी प्यालेलं अख्खं गाव बाटलं, ही गोष्ट तिने मला कितीदा तरी सांगितलेली. १७३९ मध्ये चिमाजीअप्पांनी वसई घेतली, तरी त्या पावाची भीती दोनशे वर्षांनंतरही आमच्या स्वयंपाकघरात होती. बी.ए.ला असताना मी दादरहून वडापाव आणला. आजीने वडा खाल्ला आणि पाव बोटाने दूर सारला. एकादशीला बटाट्याचा कीस मात्र ती आवडीने खायची. एकाच गलबतातून आलेली ही दोन भावंडं. एक देवाला चालायचं, दुसरं उंबऱ्याबाहेर.

त्याच सुमारास वसईचा एक ख्रिस्ती मित्र घरी यायचा. मराठी माझ्याइतकीच, किंबहुना जास्त गोड बोलायचा. आजी त्याचा कप वेगळा ठेवायची. मला इतिहास ठाऊक होता, पण मी बोललो नाही. पुढे तीस वर्षं वर्गात पोर्तुगीजांचा धडा शिकवला. बटाटा-मिरचीचं सांगितलं, कपाचं कधी सांगितलं नाही.

तो मित्र रविवारी आमच्यातच होता. बुरुजावर बसून मी त्याची पन्नास वर्षं उशिरा माफी मागितली. तो हसला. म्हणाला, "अरे, कप वेगळा होता, पण चहा आजी स्वतः करायची, आल्याचा. तो कुणाला विसरता येतो?" मग त्याने गुणपत्रिका ओढून घेतली आणि तिसऱ्या गाडीच्या पावाला पाचपैकी सहा मार्क दिले.

नियमात बसत नव्हतं. मी खोडलं नाही.

असो. तुमच्या घरी पाव कधीपासून शिरला? घरातल्या मोठ्यांना विचारून बघा, आणि कपांबद्दलही विचारा.