बंजारा भरतकाम : पेहरावाकडून नव्या वस्तूंकडे

यवतमाळ जिल्ह्यातील पुसद, दिग्रस, दारव्हा, आर्णी व महागाव या तालुक्यांत बंजारा समाजाचे अनेक तांडे आहेत. माजी मुख्यमंत्री वसंतराव नाईक यांचे गहुली हे गाव पुसद तालुक्यातलेच. या समाजातील स्त्रियांनी जोपासलेले भरतकाम ही भारतीय वस्त्रकलेतील एक ठळक परंपरा होय.

पूर्वी बंजारा तांडे बैलांच्या पाठीवर मीठ व धान्य लादून दूरदूर फिरत. एकोणिसाव्या शतकात रेल्वे आली आणि हा व्यापार बसला. तांडे स्थिरावले, पण सुई-दोरा सुटला नाही. फेटिया म्हणजे घेरदार घागरा, कांचळी म्हणजे चोळी आणि टुकरी म्हणजे ओढणी. या वस्त्रांवर रंगीत टाक्यांसोबत आरसे, कवड्या व नाणी जडवली जात.

हाच पेहराव आता बहुतांशी लग्नकार्यात व सणासुदीला दिसतो. त्यामुळे ही कला टिकवायची, तर तिला पिशव्या, उशांचे अभ्रे, जाकिटे, भिंतीवरचे पडदे अशा नव्या वस्तूंवर स्थान द्यावे लागते. येथे रचनाकाराचा कस लागतो. नाणी व आरशांचे वजन पातळ कापडाला पेलत नाही. कच्चा लाल रंग धुताना पसरतो. सर्वत्र भरलेली नक्षी रोजच्या वापरात उसवते. उपाय साधे आहेत : पक्क्या रंगाचे कापड, मोजकी नक्षी, कवड्या केवळ कडेला आणि मापात सारखेपणा.

शेजारच्या कर्नाटकातील संडूरचे उदाहरण बोलके आहे. तेथील लंबाणी भरतकामाला भौगोलिक मानांकन लाभले आहे. जुलै २०२३ मध्ये हंपी येथे जी-२० बैठकीच्या निमित्ताने साडेचारशेहून अधिक स्त्रियांनी केलेल्या १,७५५ वस्तू मांडण्यात आल्या आणि त्याची गिनीज विक्रमात नोंद झाली.

मात्र नव्या वस्तूंची मागणी वाढली, की दुहेरी धोका संभवतो. जुने फेटिये व कांचळ्या विकत घेऊन त्यांचे तुकडे पिशव्यांवर शिवले जातात. एकदा कापलेले वस्त्र, त्यासोबत त्यातील टाक्यांचा पुरावाही, कायमचा नाहीसा होतो. दुसरीकडे यंत्रावर छापलेली नक्कल हाताच्या कामाचा भाव पाडते. म्हणून जुने नमुने संग्रहालयात जपणे आणि नवे काम नव्या कापडावर करून घेणे, हीच योग्य वाट ठरते. कापूस हे तर यवतमाळचे मुख्य पीक. त्याच कापसाच्या खादीवर तांड्यातील टाका उमटला, तर शेत आणि सुई यांचे नाते जुळेल. अट एकच : मोबदला नगावर नव्हे, तर टाक्यांना लागलेल्या तासांवर ठरावा.