अंगणातला चिकू

महाबळेश्वरच्या सहलीहून परतताना अनेकजण हौसेने रासबेरीचे रोप घेऊन येतात. डोंगरावरच्या थंड हवेत रमणारे हे झुडूप पालघर, ठाणे किंवा मुंबईच्या दमट उकाड्यात मात्र फार काळ तग धरत नाही. उत्तर कोकणाच्या हवेत घराच्या अंगणात लावण्याजोगे, मायेने वाढणारे आणि पिढ्यान् पिढ्या फळे देणारे झाड हवे असेल, तर चिकूसारखे दुसरे नाही.

डहाणू तालुक्यातील गंजाड हे गाव बाहेरच्या जगाला माहीत आहे ते वारली चित्रकलेमुळे. पद्मश्री जिव्या सोमा मशे यांचे हे गाव. पण तालुक्याच्या किनाऱ्याकडे सरकू लागले, की दुतर्फा दिसतात त्या चिकूच्या वाड्या. मूळ मेक्सिको व मध्य अमेरिकेतील हे झाड महाराष्ट्रात प्रथम घोलवड येथे १८९८ साली लागले, असे सांगितले जाते. पारशी व इराणी बागायतदारांनी ते वाढवले आणि वाड्यांमधली मेहनत प्रामुख्याने येथील आदिवासींनी केली. २०१६ मध्ये ‘डहाणू घोलवड चिकू’ला भौगोलिक मानांकन मिळाले. खोडाला खाच पाडली की जो पांढरा चीक गळतो, त्यापासूनच पूर्वी च्युइंगम तयार होत असे.

घरच्या बागेसाठी ‘कालीपत्ती’ हीच जात घ्यावी. गर्द हिरवी पाने, लंबगोल फळ, मऊ गोड गर आणि मोजक्या बिया ही तिची ओळख. ‘क्रिकेट बॉल’ नावाप्रमाणे गोल व मोठा असतो, पण गोडीत तो कालीपत्तीच्या मागेच राहतो.

खरी फसगत होते ती रोपाच्या खरेदीत. बियांपासून वाढवलेले रोप स्वस्त मिळते. परंतु त्याला फळ धरायला सहा ते आठ वर्षे लागू शकतात आणि एवढे थांबूनही फळ मूळ झाडासारखे निघेल याची खात्री नसते. कलमाला तिसऱ्या-चौथ्या वर्षी फळे दिसू लागतात. चिकूचे कलम खिरणीच्या, म्हणजे रायणीच्या, खुंटावर बांधतात. खिरणी काटक असते, आणि नेमकी तीच पुढे अडचणीची ठरते. जोडाच्या खालून खिरणीचे धुमारे फुटत राहतात. ते वेळीच खुडले नाहीत तर वरचा चिकू खुरटतो आणि काही वर्षांनी अंगणात खिरणीचे झाड उभे असते! पाने पाहून फरक सहज ओळखता येतो : खिरणीच्या पानाचे टोक आत दबलेले, किंचित खाच पडल्यासारखे असते, तर चिकूचे पान टोकाकडे निमुळते होते. रोपवाटिकेत पैसे देण्यापूर्वी जोड नीट पाहावा आणि जोडाच्या वरची पाने चिकूचीच आहेत याची खात्री करून घ्यावी. सरकारमान्य रोपवाटिका किंवा कृषी विद्यापीठाच्या केंद्रातून कलम घेणे अधिक चांगले.

लागवड पावसाळ्याच्या आरंभी करतात. मात्र जेथे पाऊस धो धो कोसळतो आणि पाणी साचते, तेथे सप्टेंबरपर्यंत थांबलेले बरे. खड्डा सुमारे ९० सेंटिमीटर लांब, रुंद व खोल घ्यावा आणि चांगली माती व कुजलेले शेणखत यांनी भरावा. कलमाचा जोड मातीच्या वर राहिलाच पाहिजे. वाऱ्याने जोड मोडू नये म्हणून बांबूचा आधार द्यावा. वाडीत दोन झाडांमध्ये १० मीटर अंतर सोडतात. त्यामुळे घराच्या भिंतीपासूनही पुरेसे दूर लावणे शहाणपणाचे. गच्चीवर मोठ्या पिंपातही कलम जगते, पण फळे मोजकीच मिळतात.

पहिली दोन वर्षे येणारी फुले खुडून टाकावीत. पाणी बेताचे द्यावे. मुळाशी पाणी तुंबणे चिकूला सोसत नाही. खत बुंध्याशी न टाकता फांद्यांच्या घेराखाली, गोलाकार चर काढून द्यावे. निम्मे पावसाच्या सुरुवातीस व निम्मे पाऊस ओसरल्यावर. छाटणीचा सोस मात्र नको. फळे कोवळ्या शेंड्यांकडेच धरतात, तेव्हा वाळलेल्या व एकमेकींत घुसलेल्या फांद्या काढण्यापुरतीच कात्री चालवावी.

फुले भरपूर येतात आणि बहुतेक गळून जातात, याची चिंता करू नये. काळजी करावी ती बी पोखरणाऱ्या अळीची. २००० सालाच्या सुमारास डहाणूच्या वाड्यांत तिचा उपद्रव सुरू झाला. अळी कोवळ्या फळात शिरते, आत बी खाऊन वाढते आणि बाहेर पडताना छिद्र ठेवते. तोवर फळ वरून अगदी निरोगी दिसते, म्हणून मालकाला पत्ता लागत नाही. घरच्या एक-दोन झाडांसाठी सोपा व खात्रीचा उपाय म्हणजे गळालेली, किडकी फळे रोज वेचून खोल पुरणे आणि झाडाखालचा पाचोळा साठू न देणे. फळे वाटाण्याएवढी असताना पाच टक्के निंबोळी अर्क फवारल्यास मदत होते. मुसळधार पावसात फळे कुजून गळतात ती मात्र बुरशीमुळे; तेथे पाण्याचा निचरा आणि झाडात खेळती हवा यांचाच उपयोग होतो.

फूल ते तयार फळ हा प्रवास सात ते दहा महिन्यांचा असतो. फळ तयार झाले की वरची भुरकट पूड सहज निघते. नखाने हळूच ओरखडा काढावा. खाली हिरवे दिसले व चीक आला तर थांबावे, पिवळसर दिसले तर तोडावे. उंचावरच्या फळांसाठी टोकाला जाळी बांधलेली बांबूची काठी वापरावी, कारण आपटलेला चिकू पिकण्याऐवजी सडतो. तोडलेली फळे चीक निथळू देऊन, पुसून, घरातल्या हवेशीर जागी ठेवावीत. साधारण चार ते सात दिवसांत ती पिकतात. कच्चा चिकू फ्रिजमध्ये ठेवू नये. थंडीने तो नीट पिकत नाही. पिकल्यावर दोन-तीन दिवसांसाठी ठेवण्यास हरकत नाही.