स्वस्ताईचा दुष्काळ

जुन्या पिढीच्या तोंडून आपण ज्या गोष्टी ऐकतों, त्यांत स्वस्ताईच्या गोष्टींना मानाचें स्थान असतें. अमक्या सालीं धान्य काय भावानें मिळे, एका रुपयांत बाजाराची पिशवी कशी भरून येई, हें ऐकतां ऐकतां तो काळ म्हणजे रामराज्यच असला पाहिजे, असें वाटूं लागतें. परंतु १९३० ते १९३५ या वर्षांतील स्वस्ताईची गोष्ट निघाली म्हणजे एक प्रश्न विचारणें आम्ही आपलें कर्तव्य समजतों. ही आठवण कोणाची? ज्याच्या हातीं दरमहा ठरलेला पगार पडत होता त्याची, कीं ज्यानें तें स्वस्त धान्य पिकविलें त्याची? घेणाऱ्याची स्वस्ताई ती विकणाऱ्याची मंदी. आणि ज्या देशांत बहुसंख्य माणसें शेतमाल विकून पोट भरीत होतीं, तेथें स्वस्ताई हें एका मोठ्या अरिष्टाचेंच दुसरें नांव होतें.

या अरिष्टाचा उगम हिंदुस्थानांत नव्हता. १९२९ च्या ऑक्टोबरांत न्यूयॉर्कचा शेअरबाजार कोसळला, तेथपासून मंदीचा इतिहास सांगण्याची रीत आहे. पण ती केवळ ठिणगी होय, दारू आधींच सांठली होती. पहिल्या महायुद्धांत युरोपचीं शेतें ओस पडलीं, तेव्हां कॅनडा, अमेरिका, अर्जेंटिना व ऑस्ट्रेलिया यांनीं नवी जमीन नांगराखालीं आणली. तह झाल्यावर युरोपचा शेतकरी घरीं परतला, पण तिकडचे नांगर थांबले नाहींत. दुसरीकडे जर्मनीनें जेत्यांस खंडणी द्यावी, जेत्यांनीं तींतून अमेरिकेचें युद्धऋण फेडावें आणि अमेरिकेनें पुन्हां जर्मनीस कर्ज द्यावें, असें रहाटगाडगें चाललें होतें. अमेरिकन सावकारानें हात आखडतांच तें थांबलें. १९३० च्या जूनमध्यें अमेरिकेनें जकातीची भिंत उंच केली व इतर राष्ट्रांनीं तिचा कित्ता गिरविला. १९३१ च्या मे महिन्यांत व्हिएन्नाची क्रेडिटान्स्टाल्ट ही थोर पेढी डळमळली आणि मध्य युरोपांतील बँकांचा धीर सुटला. १९३२ च्या आरंभीं जर्मनींत साठ लाख माणसें बेकार होतीं. १९३३ सालीं अमेरिकेंत दर चार कामकऱ्यांतील एक रिकामा होता. आणि याच काळांत ब्राझील आपली कॉफी पेटवून देत होता. कोठारें भरलेलीं आणि पोटें रिकामीं, असा हा विपरीत दुष्काळ होता.

हिंदुस्थानांत त्याचें पाऊल बाजारभावांच्या रूपानें पडलें. जुलै १९१४ चे भाव १०० धरले, तर कलकत्त्याच्या घाऊक भावांचा निर्देशांक १९२९ सालीं १४१ होता; १९३३ सालीं तो ८७ वर उतरला. त्यांतही शेतकरी जें विकतो त्याचे भाव जितके उतरले, तितके तो जें विकत घेतो त्याचे उतरले नाहींत. तथापि एवढ्यानेंच तो बुडाला नसता. सर्वच आंकडे एकदम खालीं आले असते तर कोणाचें फारसें बिघडलें नसतें. खरें दुखणें असें कीं, कांहीं आंकडे कोसळले आणि कांहीं जागचे हलले नाहींत.

न हलणारा पहिला आंकडा शेतसाऱ्याचा. मुंबई इलाख्यांत तो साधारणतः तीस वर्षांसाठीं रोख रुपयांत ठरलेला असे. न हलणारा दुसरा आंकडा सावकाराच्या वहींतला. समजा, खानदेशांतील एका कुणब्यानें १९२८ सालीं कापसाच्या भरंवशावर दोनशें रुपये काढले. पुढें कापसाचा भाव निम्म्यावर आला. वहींत मुद्दल दोनशेंच राहिलें. परंतु तें फेडण्यास पूर्वीं जितका कापूस पुरला असता, त्याच्या दुप्पट लागूं लागला. एक पैसाही नवा न काढतां त्याचें कर्ज दुप्पट झालें होतें. मुंबई इलाख्याच्या बँकिंग चौकशी समितीनें १९३० सालीं इलाख्यांतील शेतकऱ्यांचें ऋण ८१ कोटींचें धरलें. मध्यवर्ती समितीनें १९३१ सालीं ब्रिटिश हिंदुस्थानचें ग्रामीण ऋण सुमारें ९०० कोटींचें धरलें. हें ओझें वाढविण्यास सावकाराच्या लबाडीची गरज उरली नव्हती. भाव उतरत जाणें तेवढें पुरेसें होतें.

न हलणारा तिसरा आंकडा खेड्यांत कोणास ठाऊकही नव्हता. तो रुपयाच्या हुंडणावळीचा. १९२६ च्या हिल्टन यंग कमिशनाच्या शिफारशीवरून १९२७ सालीं रुपयाचा दर दीड शिलिंग, म्हणजे एक शिलिंग सहा पेन्स, असा कायम झाला. कमिशनाचे एक सभासद सर पुरुषोत्तमदास ठाकुरदास यांनीं भिन्नमत लिहून एक शिलिंग चार पेन्सांचा आग्रह धरिला होता. दोन पेन्सांचा हा वाद पेढीवाल्यांचा वाटतो. पण हिशेब करून पहावा. परदेशांत एका पौंडास विकलेल्या मालाचे सोळा पेन्सांच्या दरानें पंधरा रुपये होतात, अठरा पेन्सांच्या दरानें तेरा रुपये पांच आणे चार पै. शेंकडा अकरा रुपये शेतकऱ्याच्या हातीं पोचण्यापूर्वींच गळाले! १९३० च्या जानेवारींत गांधींनीं सरकारपुढें ज्या अकरा मागण्या ठेविल्या, त्यांत मिठाच्या कराबरोबरच शेतसारा निम्मा करावा व रुपयाचा दर सोळा पेन्स करावा, याही मागण्या होत्या, हें पुष्कळांच्या ध्यानांत नसतें. २१ सप्टेंबर १९३१ रोजीं इंग्लंडनें सुवर्णचलन सोडलें. रुपया मात्र त्याच दरानें पौंडाच्या दावणीला बांधलेला राहिला.

आणि येथूनच या इतिहासांतील अत्यंत करुण प्रकरण सुरू होतें. कायद्यानें तोळ्याचा भाव २१ रुपये ३ आणे १० पै ठरला होता. पौंड सोन्यापासून सुटतांच भाव चढूं लागला व कांहीं वर्षांत तिशीच्या वर गेला. मंदीचीं पहिलीं दोन वर्षें शेतकऱ्यानें कशीबशी काढलीं होतीं. आतां घरांत विकण्याजोगें एकच उरलें होतें, आणि नेमका त्याचाच भाव वाढला होता. पुतळ्यांची माळ, पाटल्या, गोठ सोनाराच्या तराजूंत पडूं लागले. तेथून त्यांच्या लगडी मुंबईस आणि मुंबईहून बोटीनें लंडनास गेल्या. १९३१-३२ या एका सरकारी वर्षांत सुमारें ५८ कोटी रुपयांचें सोनें देशाबाहेर गेलें. १९३८-३९ अखेर ही बेरीज तीनशें कोटींच्या वर गेली. १९३१ च्या ऑगस्टांत इंग्लंडनें न्यूयॉर्क व पॅरिस येथें काढलेलें कर्ज फेडण्यास या सोन्याचा मोठा हातभार लागला.

सरकारपक्षाचें म्हणणें असें कीं, ही विक्री खुषीची व नफ्याची होती. ज्यांच्याजवळ सांठा होता त्यांनीं नफा साधला, हें आम्हांस मान्य आहे. पण नफ्यासाठीं विकणारा विकून मोकळा होतो. आलेले पैसे तलाठ्यास व सावकारास देऊन रित्या हातांनीं घरीं येणाऱ्यास नफेखोर कसें म्हणावें? शिवाय दागिना होता कोणाचा? शेतजमिनींत जिला सहसा वांटा नव्हता, त्या बाईची तीच काय ती जिंदगी होती. वैधव्यांत, दुखण्यांत, दुष्काळांत तिला तोच आधार. व्यापाराच्या कोष्टकांत ही निर्गत म्हणून नोंदली गेली. घराच्या इतिहासांत तिची नोंद कोणीच केली नाहीं.

शहरही सुटलें नाहीं. जपानी कापडाच्या चढाओढीनें गांजलेल्या मुंबईच्या गिरण्यांनीं १९३३-३४ मध्यें मजुरींत कपात केली. कांहीं गिरण्या बंद पडल्या, आणि १९३४ च्या एप्रिलांत कामगारांनीं सार्वत्रिक संप पुकारला. लालबाग-परळच्या चाळींतील रत्नागिरीकराची मजुरी घटली म्हणजे कोंकणांतील घराची मनिऑर्डर घटे. मंदी अशी टपालानेंही गांवीं पोचत होती.

सावकार तरी सुखी होता काय? त्याची वसुली थकली, आणि नको असलेली जमीन गळ्यांत पडली. दक्षिणेनें हा खेळ एकदां पाहिला होता. अमेरिकेच्या यादवींत चढलेला कापूस पुढें उतरला, कर्जें मात्र राहिलीं, आणि १८७५ सालीं सुपें येथें वह्या जळाल्या. मग १८७९ चा कायदा आला. या वेळीं कर्जनिवारणाचा मुंबईचा कायदा झाला तो १९३९ सालीं, म्हणजे दहा वर्षांनीं. आणि त्याच सालीं सुरू झालेल्या महायुद्धानें भाव चढूं लागले. औषध आलें तेव्हां रोगानेंच पालट घेतला होता.

मंदी परदेशांतून आली हें खरें. पण तिचा भार कोणीं वाहावा, हें येथल्या सारापत्रकांनीं, खतांनीं व हुंडणावळीच्या दरानें ठरविलें. भाव पाडणें कोणा एकाच्या हातीं नव्हतें. हे आंकडे खालीं आणणें मात्र माणसांच्या हातीं होतें, आणि तें वेळेवर झालें नाहीं. म्हणून वडील माणसांकडून ऐकलेली त्या स्वस्ताईची गोष्ट पुन्हां निघेल, तेव्हां घरांतल्या एखाद्या आजीच्या मोडलेल्या पाटल्यांचीही चौकशी करावी, एवढीच वाचकांस आमची विनंती आहे.