नारू: वर्षभर न कळणारा कृमी

मल्हारगंजातल्या ज्येष्ठांना नारू हा शब्द नवा नाही. इंदूरजवळच्या धार, झाबुआ भागात तो होता, महाराष्ट्रातही होता. पायऱ्यांच्या विहिरीतल्या पाण्याबरोबर बारीक सायक्लॉप्स पोटात जात आणि त्यांतून हा कृमी शिरे. मादी वर्षभरात जवळजवळ मीटरभर वाढे, तरी बहुधा ना ताप, ना सूज. असे कृमी शरीराची प्रतिकारशक्ती दाबून ठेवतात. हत्तीरोगाचे कृमी शरीरात असूनही लक्षणे नसलेल्यांत दाह शमवणारे इंटरल्यूकिन-१० वाढलेले आढळते. काडीला गुंडाळून काढताना नारू तुटला, की मात्र पाय भयंकर सुजे. एकदा झाला म्हणून पुढच्या वर्षी सुटका नसे. लस नव्हतीच, पाणी फडक्याने गाळणे हाच खरा उपाय ठरला. भारतातला शेवटचा रुग्ण १९९६ साली जोधपूर जिल्ह्यात आढळला.