ओढणी, टिपरी आणि वाढते अंग
मुलांना सर्जनशील नृत्य शिकवताना

नृत्यवर्ग म्हटला की गाणे लावायचे, शिक्षकांनी 'स्टेप' दाखवायची आणि मुलांनी ती घोटायची, असे चित्र डोळ्यांसमोर येते. स्नेहसंमेलन जवळ आले की ही घोटणी वाढते. सर्जनशील नृत्याची रीत याहून वेगळी आहे. यात शिक्षक हालचाल दाखवत नाहीत, प्रश्न देतात. 'वाऱ्याने उडालेले पान जमिनीवर कसे उतरेल?' याचे उत्तर प्रत्येक मूल आपल्या अंगाने शोधते. पवईसारख्या उंच इमारतींच्या उपनगरात मुलांच्या धावण्या-बागडण्याला जागा अपुरी पडते. तेथे अशा वर्गांचे महत्त्व अधिकच आहे. पाच ते सतरा वर्षे वयाच्या मुलांची रोज सरासरी किमान ६० मिनिटे मध्यम ते जोरकस हालचाल व्हावी, अशी जागतिक आरोग्य संघटनेची शिफारस आहे.

विचाराचा पाया

या पद्धतीला शास्त्रशुद्ध बैठक देणाऱ्यांत रुडॉल्फ लाबान (१८७९-१९५८) यांचे नाव अग्रक्रमाने घेतले जाते. त्यांचे 'मॉडर्न एज्युकेशनल डान्स' हे पुस्तक १९४८ साली प्रसिद्ध झाले. वजन, अवकाश, काल आणि ओघ या चार अंगांनी त्यांनी हालचालींचा विचार मांडला. एकच हात जड किंवा हलका, सरळ किंवा वळणे घेत, झटकन किंवा सावकाश, मोकळा किंवा आवरून कसा हलवता येतो, हे मुलाला उमगले की नृत्याची वर्णमाला त्याच्या हाती येते.

हाती वस्तू कशासाठी?

'आता मनाप्रमाणे नाचा' असे म्हटले की बहुतेक मुले संकोचतात. हाती ओढणी दिली की त्यांचे लक्ष स्वतःवरून त्या ओढणीकडे जाते आणि संकोच आपोआप गळतो. शिवाय वस्तू स्वतःच शिकवते. तलम ओढणी हळू तरंगते, म्हणून मूल संथ होते. चेंडू उसळतो, म्हणून पावलांत उसळी येते. फीत हवेत रेघ ओढते, म्हणून अवकाश 'दिसू' लागतो. ताणलेल्या इलॅस्टिकमुळे दोघांतील अंतर जाणवते.

महाराष्ट्राला हे नवे नाही. लेझीम, टिपऱ्या, दिंडीतील टाळ ही सारी वस्तूंच्या साथीची नृत्येच होत. गोफात रंगीत दोऱ्यांची वीण घालताना एकाचे पाऊल चुकले तरी गुंता होतो, त्यामुळे इतरांचे भान राखणे आपसूक अंगी बाणते. मंगळागौरीच्या खेळांत तर घरातले सूपही नाचते. फरक इतकाच, की लेझमीत सर्वांचे हात एकदम उठावे लागतात. सर्जनशील वर्गात तीच लेझीम एखाद्या मुलासाठी धनुष्य, तर दुसऱ्यासाठी गाडीचे चाक होऊ शकते.

पवईला लागून असलेल्या अंधेरी परिसरालाही या दृष्टीने मोलाचा वारसा आहे. 'इप्टा'चे मध्यवर्ती कलापथक १९४०च्या दशकात अंधेरीत राहून काम करीत होते. त्या पथकातील नृत्यदिग्दर्शक शांती बर्धन यांनी १९५२ साली मुंबईत 'लिटल बॅले ट्रूप' स्थापन केला. त्यांच्या 'रामायण' या बॅलेत नर्तक कळसूत्री बाहुल्यांसारखे हलत. अंगावर घातलेले बंधन हीच कल्पनेची वाट ठरते, हा धडा लहानांच्या वर्गालाही लागू पडतो. विषयांसाठी दूर जाण्याचे कारण नाही. पवई तलावाकाठचा स्तब्ध बगळा, उन्हात पहुडलेली मगर, पावसाळ्यात चढणारे पाणी यांतून एकेक नृत्य उभे राहू शकते.

ताण, पण जपून

खरी सावधगिरी हवी ती 'स्ट्रेचिंग'च्या वेळी. मुलांच्या हाडांच्या टोकांजवळ वाढीची कूर्चा असते आणि ती पक्क्या हाडापेक्षा नाजूक असते. वयात येताना उंची झपाट्याने वाढते. हाडे लांबतात, स्नायू मागे राहतात, त्यामुळे काही काळ अंग ताठरते, गुडघे व टाचा दुखू लागतात. त्या दिवसांत लवचीकता कमी झाली म्हणजे मूल आळशी झाले, असे नव्हे. अशा वेळी बळजबरीने 'स्प्लिट' करवणे धोक्याचे असते. कंबर मागे वाकवण्याचा अतिरेक झाल्यास मणक्याच्या हाडाला सूक्ष्म तडा जाऊ शकतो. याउलट काही मुलांचे सांधे मुळातच सैल असतात. त्यांना अधिक ताणाची नव्हे, तर स्नायूंच्या बळकटीची गरज असते.

तासाची आखणी अशी असावी : आरंभी आठ-दहा मिनिटे चालणे, हलक्या उड्या, हात-पाय झुलवणे, मधला मोठा भाग वस्तूंसह नृत्याचा, शेवटी अंग गरम असताना पाच-सात मिनिटे संथ ताण. थंड अंगाला ताण देऊ नये.

ध्यानात ठेवावे असे :

* प्रत्येक ताण १० ते ३० सेकंद स्थिर धरावा. हिसके देऊ नयेत, श्वास रोखू नये.
* ओढ जाणवणे ठीक. टोचणे, मुंग्या येणे किंवा सांध्यात कळ येणे म्हणजे तत्काळ थांबण्याची खूण.
* मुलाच्या पाठीवर किंवा मांड्यांवर कोणीही दाब देऊ नये.
* ओढणी वा फीत गळ्याभोवती गुंडाळू देऊ नये. टिपऱ्यांची टोके गोलसर असावीत, लेझीम हलकी असावी.
* वस्तू धरून हात पसरले तरी शेजाऱ्याला लागणार नाही, इतके अंतर ठेवावे.
* गुळगुळीत फरशीवर मोजे घालून नाचू नये. पावसाळ्यात फरशी कोरडी करून घ्यावी. थेट काँक्रीटवर उड्यांचा सराव टाळावा.

पालकांनी काय पाहावे?

वर्ग निवडताना पालक बहुधा 'किती गाणी बसवली' असे विचारतात. त्याऐवजी एक तास बसून पाहावा. अंग मोकळे करण्याला वेळ दिला जातो का, 'दुखते' म्हणणाऱ्या मुलाचे ऐकले जाते का, आणि एकाच प्रश्नाला दहा मुलांची दहा उत्तरे चालतात का, हे तपासावे. दुखणे काही दिवसांत ओसरले नाही, किंवा मूल लंगडू लागले, तर अस्थिरोगतज्ज्ञांचा सल्ला घ्यावा. पाय किती फाकतो, यावर मुलाचे नृत्य मोजू नये. दूरचित्रवाणीवरील स्पर्धांत दिसणाऱ्या कसरती टाळ्या मिळवून देतात. पण बालपणी दुखावलेली कंबर पुढे अनेक वर्षे सोबत करते. ओढणीबरोबर तरंगायला शिकलेल्या मुलाला मात्र आपल्या अंगाची ओळख होते, आणि ती जन्मभर पुरते.