सूक्ष्म अनुस्पंदक, प्रकाशीय

ठराविक कंप्रतांचा प्रकाश वर्तुळाकार मार्गात फिरवून काही काळ साठविणारी, बहुधा मिलिमीटरपेक्षाही लहान अशी प्रयुक्ती. गोल, चकती किंवा वलय यांच्या कडेने पूर्ण आंतरिक परावर्तन होत प्रकाश फिरतो. एका फेरीत तरंगलांबीचा पूर्ण पट बसला की अनुस्पंदन होते. विजापूरच्या गोल घुमटातील सज्जात कुजबुज भिंतीच्या कडेने पलीकडे ऐकू जाते, त्यासारखाच हा आविष्कार आहे. प्रकाश किती काळ टिकतो, हे गुणवत्ता गुणांकावरून समजते.

इतिहास : तरंग मार्गदर्शकाशेजारी वलय ठेवून विशिष्ट कंप्रता निवडण्याची कल्पना ई. ए. जे. मार्काटिली यांनी बेल लॅबोरेटरीजमध्ये १९६९ साली मांडली. १९८९ मध्ये मॉस्को विद्यापीठातील व्ही. बी. ब्रागिन्स्की व त्यांच्या सहकाऱ्यांनी वितळलेल्या सिलिकेच्या गोलात सुमारे १० कोटी गुणांक मिळविला. वितळलेला पृष्ठभाग पृष्ठताणामुळे अत्यंत गुळगुळीत होतो, हे त्याचे कारण होय. तथापि अशा गोलात प्रकाश सोडण्यासाठी लोलक किंवा निमुळता तंतू तरंगलांबीहूनही कमी अंतरावर धरावा लागे. त्यामुळे त्याचा उपयोग प्रयोगशाळेपुरताच राहिला.

याउलट सिलिकॉनची वलये संकलित मंडलांच्याच तंत्राने मार्गदर्शकासह कोरता येतात. कॉर्नेल विद्यापीठात २००५ साली केवळ १२ मायक्रोमीटर व्यासाच्या वलयाचा प्रकाश-विरूपक तयार झाला. मात्र कोरीव कडांच्या खडबडीतपणामुळे प्रकाशाचे प्रकीर्णन होऊन गुणांक बराच घटतो. शिवाय तापमानातील अल्प बदलानेही अनुस्पंदन कंप्रता सरकत असल्याने वलयालगत सूक्ष्म तापक बसवावा लागतो.

ही दरी सांधण्याचे प्रयत्न कॅलिफोर्निया इन्स्टिट्यूट ऑफ टेक्नॉलॉजीमध्ये के. जे. व्हाहाला यांच्या गटाने केले. २००३ मध्ये त्यांनी सिलिकॉन चिपवरील सिलिकेच्या चकतीची कड लेसरने वितळवून १० कोटींहून अधिक गुणांक मिळविला. परंतु वितळताना कड आक्रसत असल्याने तिच्याशेजारी मार्गदर्शक आधीच कोरून ठेवणे शक्य नव्हते व प्रकाश बाहेरील तंतूनेच द्यावा लागला. २०१८ मध्ये वितळविण्याची क्रिया टाळून सिलिकेचा अनुस्पंदक व सिलिकॉन नायट्राइडचा मार्गदर्शक एकाच चिपवर घडविण्यात आले; गुणांक २० कोटींच्या वर गेला. २०२१ मध्ये लेसर व सिलिकॉन नायट्राइडचा अनुस्पंदक सिलिकॉनच्या एकाच चकतीवर एकत्र आणून समान अंतरावरील अनेक कंप्रतांची ‘फणी’ निर्माण करण्यात आली. अशा फणीतील प्रत्येक कंप्रता संदेशवहनाची स्वतंत्र वाहिनी ठरू शकते.

गोलाचा गुळगुळीतपणा व चिपची पुनरुत्पादनक्षमता यांचा मेळ घालणे, हेच या क्षेत्रातील प्रगतीचे मुख्य सूत्र होय.