संसार मोडल्यावर घर कोणाचे?
भगिनींनो, संसार मोडला तर घर कोणाचे, हा प्रश्न मला गोमंतकाच्या इतिहासाकडे घेऊन गेला. पोर्तुगालचा 1867 चा नागरी कायदा तेथे 1870 मध्ये लागू झाला. लग्नापूर्वी वेगळा करार केला नसेल, तर पतिपत्नींची मिळकत सामाईक. काडीमोड झाल्यास निम्मी पत्नीची. कारभार पतीच्या हाती, तरी तिच्या संमतीवाचून घर विकण्याची त्याला मुभा नाही.

मग गोमंतकीयाने मुंबईत घर घेतले तर? 13 सप्टेंबर 2019 रोजी सर्वोच्च न्यायालयाने वारसाच्या एका दाव्यात मुंबईतील मिळकतीसही गोव्याचाच कायदा लावला.

महाराष्ट्रात अशी आपोआप भागीदारी नाही. 2005 च्या कायद्याने छळ सोसणाऱ्या पत्नीला घरात राहण्याचा हक्क दिला, मालकी नव्हे. म्हणून घराच्या कागदावर आपले नाव आहे की नाही, हे प्रत्येकीने वेळीच पाहावे, एवढीच विनंती.